साहेब काय पितायत?

"नळाचं पाणी पिऊ नका! टाकीत कारखान्याचं रसायन उतरलं आहे! उकळूनही पिऊ नका! ऐका हो, नळाचं पाणी..."

"मग काय तुझी बडबड पिऊ?" इस्त्रीवाल्याने दुकानातूनच विचारलं. तांब्या उचलला आणि गाडीकडे बघत, मुद्दाम, घटाघटा पाणी प्यायला. समोरच्या ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या बायका खो खो हसल्या.

तीनचाकीच्या टपावर कर्णा, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात माईक. वीस वर्षं हा माणूस असाच ओरडत फिरतोय. खरं नाव आता कुणाच्या लक्षातही नाही, सगळे भोंगाच म्हणतात. जो कागद देईल त्याचा कागद वाचायचा आणि पुढच्या गल्लीत वळायचं. कागदात काय आहे हे तोंडाला कळलं की झालं, डोक्याला कशाला त्रास!

"गेल्या महिन्यात कोण बोंबलत होतं रे, कारखान्याचं पाणी विहिरीपेक्षा शुद्ध म्हणून?" इस्त्रीवाला बाहेर आला.

"तो कारखान्याचा कागद होता."

"आणि त्याच्या आधी? शाळेत पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवायचंय, वर्गणी द्या, म्हणून?"

"तो संस्थेचा."

"बसलं यंत्र?"

"बसलं की!" ओट्यावरून एकजण म्हणाली. "पेपरात फोटो आलाय. फोटोत बसलं."

पुन्हा हशा. भोंग्याला असा संताप आला म्हणता! सकाळपासून घसा फाटेस्तोवर ओरडतोय आणि ही माणसं दात काढतायत. "हा कागद सरकारी आहे, सही-शिक्क्याचा!" त्याने कागद फडकवला. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. शिक्क्याचे कागद या गल्लीने पोत्याने पाहिले होते. रस्ता झाला असा शिक्का होता, तो रस्ता अजून व्हायचाय.

"मरा मग, मला काय," भोंगा पुटपुटला. माईक चालूच होता. सगळ्या गल्लीभर ते घुमलं.

"वा!" इस्त्रीवाल्याने टाळी वाजवली. "वीस वर्षांत पहिल्यांदा मनापासून बोललास बघ."

दारात शिवणयंत्र घेऊन बसलेली मावशी मात्र हसली नाही. ती एवढा वेळ ब्लाउजच्या बाहीत गुंतली होती. तिने यंत्राचं चाक हाताने थांबवलं.

"ए भोंग्या, इकडे ये. हा कागद दिला कुणी?"

"ऑफिसातल्या कारकुनाने. सकाळी."

"तो स्वतः काय पीत होता?"

"मला काय ठाऊक, मावशी! मी कागद घ्यायला गेलो होतो, पाहुणचाराला नाही."

"आठव ना. तिथे साहेब काय पितायत?"

भोंग्याने डोकं खाजवलं. कारकुनाने मान वर न करता खिडकीतून कागद सरकवला होता. नाही, त्याच्याही आधी. जिन्यात. निळ्या झाकणांचे, सीलबंद, पाण्याचे जार. सहा. फाईल उचलायलाही ज्याला शिपाई लागतो, तो कारकून स्वतः खांद्यावर जार घेऊन धापा टाकत जिना चढत होता.

"सहा जार आले होते," तो म्हणाला. "दोन साहेबांच्या गाडीत गेले. घरी."

मावशी उठली. पायाशी भरून ठेवलेली कळशी उचलली आणि सरळ गटारात पालथी केली.

"घरी नेलेत म्हणजे खरं आहे," ती म्हणाली.

बस्स. ओट्यावरच्या बायका भाजी टाकून आत पळाल्या. एकीचा हंडा आला, दुसरीची बादली आली. माठ, पातेली, पिंप, जे भरलं होतं ते सगळं रस्त्यावर. इस्त्रीवाला तोंडात बोटं घालून नाल्यावर वाकला होता. सहीने जमलं नाही, शिक्क्याने जमलं नाही. साहेबाने बायकोपोरांसाठी दोन जार पळवले, तेवढ्यावर अख्ख्या गल्लीचा विश्वास बसला. साहेब स्वतःशी कधी खोटं वागणार नाहीत, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

भोंगा खूश झाला. "आता पटलं ना? मघापासून काय कोकलत होतो मी!"

"मला पटलं," मावशी म्हणाली. "तू घरी सांगून निघालास ना?"

"म्हणजे काय! सुरुवातच माझ्या गल्लीपासून केली. पोरगी खिडकीत उभी होती, तिने हात केला, मीही केला."

बोलता बोलता तो अडखळला. कागद खिशात घालून तो आधी घरी गेला होता. चहा प्यायला होता, नळाच्याच पाण्याचा. वर तांब्याभर पाणी. मग गाडी सुरू केली होती. घरात एक शब्द बोलला नव्हता. बोलण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं.

त्याने घाईघाईने फोन लावला.

"अगं, नळाचं पाणी पिऊ नका! पोरीला देऊ नकोस!"

"ऐकलं की सकाळी," बायको म्हणाली. मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता. "गल्ली डोक्यावर घेतली होतीत. पोरगी तर पेला खालीच ठेवत होती. म्हणाली, आई, बाबा पिऊ नका म्हणतायत."

"मग?"

"मग काय! मी म्हटलं, ते कामाचं बोलतायत गं. तू पी."