समोरून आलेली घरगाडी

ऐन निघायच्या सकाळी वॉरेनचे गुडघे दुखायला लागले. "तू जा गं, मी घरीच बरा," तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला. लग्नापासून या सहलीच्या बाता मारल्या होत्या त्यानं! ग्लेनिसनं घरगाडी, म्हणजे त्यांचं चाकांवरचं घर, काढली आणि एकटीच कॅनडातल्या युकॉनच्या जंगलात शिरली.

त्या रस्त्यावर समोरून घरगाडी आली की हात करायचा, हा रिवाज. दिवसभरात एकच आली, तीही हुबेहूब तिच्या गाडीसारखी, दिव्याखाली तसाच पोचा. ग्लेनिसनं हात केला. काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसलं नाही.

पुढच्या पेट्रोल पंपावरची बाई म्हणाली, "अगं, आत्ताच तर गेलीस ना नवऱ्याबरोबर? काय खिदळत होतात दोघं!"

"नवरा घरी आहे माझा."

"हो? मग भांडलात वाटतं वाटेत!"

गुडघे म्हणे! कोण आहे ती, बघतेच. ग्लेनिसनं दातओठ खात गाडी मागे वळवून दामटली.

वळणावर तीच गाडी पुन्हा समोरून आली. ऊन ढगाआड गेलं होतं, आतलं स्वच्छ दिसलं. स्टिअरिंगवर वॉरेन होता, हसत. तिला पाहून त्यानं रिवाजाप्रमाणे हात उचलला.

त्याच्या शेजारी बसलेल्या ग्लेनिसनं तो हात हळूच धरून खाली घेतला.