दहाच्या दहा

२०१७ सालच्या डिसेंबरात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक सविताबाई देवरे यांनी तेजस्विनीच्या जर्नलवर सही करायचं नाकारलं.

"चौथ्या बरणीतली गांडुळं जिवंत कशी, ते आधी सांग," त्या म्हणाल्या. "मग सही."

सही नाही म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. हरसूलहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या त्या मुलीला हे समजावून सांगायची गरज नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मॅडम, मी रोज मोजते. रोज दहाच निघतात."

प्रयोग साधा होता. चार बरण्या, लासलगावकडच्या कांद्याच्या वावरातली माती, प्रत्येकीत दहा गांडुळं. पहिलीत नुसती माती. दुसरीत शेतकरी टाकतात तेवढं कीड मारायचं दाणेदार औषध, तिसरीत दुप्पट, चौथीत तिप्पट. बारा दिवस झाले होते आणि जर्नलात चारही बरण्यांपुढे रोज एकच आकडा होता. दहा.

तिप्पट औषधात गांडूळ तग धरत नाही. सविताबाईंनी बरणी परातीत रिकामी करून पाहिली. दहा होती खरी, पण आठवड्यापूर्वीपेक्षा चांगली बोटभर लांब.

"बाळसं धरलंय की औषधानं," त्या म्हणाल्या. तेजस्विनी हसली नाही.

त्यांचा संशय एका जागी येऊन थांबला होता. १९८९ साली याच प्रयोगशाळेत, याच मातीवर आणि याच औषधावर त्यांनी स्वतः प्रबंध लिहिला होता. नेहमीच्या मात्रेला महिनाभर दहाच्या दहा गांडुळं जगली होती. त्यावर सुवर्णपदक मिळालं होतं. पुढे कितीतरी वर्षं गावोगावच्या शेतकरी मेळाव्यांत त्यांनी ते आकडे वाचून दाखवले होते. ग्रंथालयाचं रजिस्टर त्यांनी मागवून घेतलं. प्रबंध ऑक्टोबरात तेजस्विनीच्याच नावावर गेलेला होता. बाईंना बरं वाटावं म्हणून पोरीने बाईंचेच आकडे उतरवले, आणि पुरावा हवा म्हणून बरणीत नवी गांडुळं भरली. हिशेब जुळत होता. आता हातात सापडणं तेवढं बाकी होतं.

त्यांनी तिच्याकडून किल्ली काढून घेतली. तरी दुसऱ्या दिवशी बरणीत दहा, टवटवीत. म्हणजे दुसरी किल्लीही करून घेतलीय कार्टीने.

तिसऱ्या दिवशी पावणेसात वाजता, गंगापूर रोडवर धुकं होतं तेव्हाच, सविताबाई प्रयोगशाळेत येऊन हाडांच्या सापळ्याच्या कपाटामागे उभ्या राहिल्या. फॉर्मॅलिनचा तोच तो वास. विद्यार्थिनी असताना तो त्यांच्या केसांनासुद्धा यायचा, आणि आई म्हणायची, आधी नहा मग चुलीपाशी ये. शाल तोंडावर धरून त्या वाट बघत राहिल्या.

कुलूप उघडलं. आत आल्या त्या लंकाबाई. सदतीस वर्षं याच प्रयोगशाळेत शिपाई असलेल्या, पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता. त्यांनी चौथी बरणी वर्तमानपत्रावर उपडी केली, मेलेली गांडुळं वेचून बाजूला काढली, आणि बागेतल्या खतखड्ड्यातून आणलेली ताजी गांडुळं एकेक मोजून आत सोडली. भाजी निवडावी तितक्या सहज.

"लंकाबाई, हे काय?"

लंकाबाई दचकल्या नाहीत. "तुम्ही लवकर आल्या आज. सगळीच मेलती, बाई. तिसरीतली बी सात."

"मग तशी राहू द्यायची. मेली तर मेली असं लिहायचं असतं."

"आन् मंग तुम्ही सही करायच्या?" लंकाबाईंनी हात पदराला पुसले. "आईबाप मजुरीला जात्यात तिचे. मेलेली दिसली आन् वरीस गेलं, म्हंजे?"

"अहो, मरतात का तेच तर बघायचं होतं."

ही गोष्ट लंकाबाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. "असं कुठं असतं का. पहिले मोठे सर काय म्हणायचे, जित्राब मेलं तर लंका, तुझी नोकरी गेली. तेव्हापासून या खोलीत एक जीव मेलेला दिसू दिला नाय मी. बेडूक नाय, मासा नाय, काय नाय."

सविताबाईंनी शेजारचं लाकडी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. पुढचा प्रश्न विचारू नये असं त्यांना फार वाटलं.

"माझ्या वेळी?"

"तुमची तर लय मरायची," लंकाबाई मायेने म्हणाल्या. "दिसाआड डबाभर लागायची. पण कधी रडू दिलं का तुम्हाला?"

तेजस्विनीने प्रयोग पुन्हा केला, या वेळी किल्ली तिच्या एकटीच्या गळ्यात होती. दुसऱ्या बरणीतही नवव्या दिवशी एकही गांडूळ उरलं नाही. सही झाली. आज ती माती परीक्षणाचं काम करते. लंकाबाई निवृत्त होऊन लेकीकडे देवळाली कॅम्पला गेल्या. निरोपाच्या दिवशी आपल्या हातून एक जीव गेला नाही असं त्या म्हणाल्या, आणि सविताबाईंनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. प्रबंध मागे घेण्याबद्दल सविताबाईंनी विद्यापीठाला दोन पत्रं पाठवली. इतका जुना प्रबंध आता उघडता येत नाही, असं उत्तर आलं. पदक त्यांनी भिंतीवरून काढलं.

२०१८च्या जूनमध्ये सविताबाई माहेरी लासलगावकडे गेल्या. त्यांचा धाकटा भाऊ झुंबर ट्रॅक्टरने वावर नांगरत होता. ताईने तपासलंय म्हणून जवळजवळ तीस वर्षं त्याने तेच औषध टाकलं होतं. सविताबाई बांधावर उभ्या राहून उघड्या पडणाऱ्या ओल्या मातीकडे बघत होत्या. लहानपणी नांगराच्या मागोमाग गांडुळं टिपत बगळ्यांची रांग चालायची.

"बगळे कुठं गेले रे, झुंबर?"

"आता इचारती व्हय, ताई?" ट्रॅक्टर न थांबवता तो म्हणाला. "पंचवीस वर्षं झाली, इकडं नाय येत ते."