कुठं निघालात?

लिफ्टचं दार उघडलं आणि इक्बाल दोन पावलं मागे सरला. आत शेजारचा राजीव उभा. भल्या पहाटे केस विंचरून, हातात दुधाची पिशवी, आणि तोंड उघडायच्या बेतात.

इक्बालने झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात दाबला.

"एक अक्षर बोलू नका! तुम्हाला रेखावहिनींची शपथ आहे!"

हाताला कोलंबीच्या डोक्यांचा वास आणि राजीव पुण्याचा शुद्ध शाकाहारी. बिचाऱ्याचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. पण इक्बालचा इलाजच खुंटला होता. आठवडाभर तो मस्कतच्या समुद्रावर मासे गरवायला जात होता आणि आठवडाभर हा भला माणूस त्याला दारातच गाठून हसऱ्या तोंडाने विचारत होता, "काय इक्बालभाई, कुठं निघालात?"

आता मासे पकडायला निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारतात का? त्याच्या गावी, कोकणात कुणी विचारलं असतं तर म्हातारीने विळा फेकून मारला असता! पहिल्या दिवशी इक्बाल परत फिरला, रीतीप्रमाणे घटकाभर बसला, घोटभर पाणी पिऊन निघाला. तरी हात हलवत आला. मग जिन्याने उतरला, तर राजीव व्यायाम म्हणून जिना चढत होता. काल गरी कचऱ्याच्या पिशवीत लपवली, तर पार्किंगमधून हाक आलीच. गरीला मासा काय, शेवाळसुद्धा लागलं नाही.

आणि आज शुक्रवार. आज दुपारी त्याच्या बायकोचा, कुबराचा थोरला भाऊ, मस्कतमध्येच हमरिया भागात दुकान असलेला उजैर, जेवायला येणार होता. तो भर लग्नात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "एसीत बसून बसून तुझ्या हाताला आता माऊसच येतो रे, गरी नाही." इक्बालही इरेला पेटला. म्हणाला, "सुट्टीत माझ्या गरीचा मासा खाऊ घालीन. नाही घातला तर पुन्हा तुमच्यासमोर आमच्या खाडीचं नाव काढणार नाही." खाडीचं नाव काढायचं नाही म्हणजे मग इक्बालने बोलायचं तरी काय!

त्यात कुबराने आधीच बजावलं होतं, उधळपट्टी चालणार नाही. म्हणून होडी नाही, रॉड नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली दोरी, कालवणातून वाचवलेली कोलंबीची डोकी, आणि थंडीला कुबराचीच शाल.

"चला," इक्बाल म्हणाला. "बरोबर असलेला माणूस कुठं चाललो म्हणून विचारत नाही. यल्ला!"

खडकावर वारा असा बोचरा, की दोघांची बोबडी वळली. नाइटड्रेसमधल्या राजीवला इक्बालने शाल दिली आणि स्वतः कुडकुडत सगळा प्रकार सांगितला.

"अहो, मग आधी बोलायचं!" राजीव कळवळला. "आमची आजीसुद्धा 'कुठं' म्हटलं की पाठीत धपाटा घालायची. पण काय करू, रेखा पुण्याला गेल्यापासून घर खायला उठतं. सकाळी तुम्ही दिसलात की बरं वाटायचं. वाटायचं, विचारलं तर एक दिवस म्हणाल, चला."

इक्बाल ओशाळला. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दोरीला हिसका बसला.

हमूर मासा होता! चांगला हातभर! इक्बालने ओढून खडकावर घेतला, आणि नेमकी गरी सुटली. मासा टणाटण उड्या मारत उताराने पाण्याकडे निघाला. इक्बाल मागे धावला, शेवाळावरून घसरला आणि सणकून आपटला.

"राजीवभाऊ, धरा! धरा!"

जन्मात ज्याने माशाला बोट लावलं नव्हतं तो काय धरणार? तो शाल सावरत जागच्या जागी नाचला, आणि काही सुचेना तेव्हा जिवाच्या आकांताने ओरडला, "अहो! अहो, कुठं निघालात?"

शेवटची उडी चुकली. हमूर दोन दगडांमधल्या खबदाडात डोकं खाली होऊन अडकला, आणि शेपटी हलवत राहिला.

इक्बालने लंगडत जाऊन त्याला कल्ल्यांना धरून उचललं.

"माशालासुद्धा लागू पडतं," इक्बाल हळूच म्हणाला.

दुपारी नमाजनंतर उजैर जेवायला बसला. कुबराने कालवण असं केलं होतं की बोटं चाटावीत. उजैरने तीनदा भात घेतला, काटे चोखून ताटाकडेला रचले, आणि तारीफ केली ती एवढीच, "मीठ जरा कमी पडलंय गो." पैजेचं नावच नाही! इक्बाल समोर बसून वाट बघत होता. उजैरने हात धुतले, गाडीची चावी उचलली, दारात जाऊन चपलेत पाय घातला.

कोपऱ्यात राजीव वरणभात खात होता. त्याने एकदा इक्बालच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, तोंड पुसलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं,

"उजैरभाई, कुठं निघालात?"

उजैरचा पाय चपलेतच राहिला. मस्कतमध्ये उभा जन्म गेला तरी माणूस कोकणातला. त्याने कपाळाला आठी घातली, चप्पल काढली आणि मुकाट्याने परत येऊन बसला.

"बसा भाईजान घटकाभर," कुबरा म्हणाली. तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला, आणि शेजारी हमूरचं उरलेलं डोकं.

उजैर डोक्याकडे बघत राहिला. डोकं त्याच्याकडे. शेवटी तो खाकरला.

"हात खाडीचाच आहे रे तुझा, इक्बाल."

इक्बालला एवढा आनंद झाला की त्याने राजीवच्या वरणभातावर तुपाचा अख्खा चमचा ओतला.

उजैरने पाणी संपवलं आणि अंदाज घेत विचारलं, "आता जाऊ?"

विचारलं ते राजीवला.