घरचाच माणूस

“परवाना दाखव,” एवढंच देवदत्तला म्हणायचं होतं. ते शब्द जिभेवरच राहिले, कारण समोरचा त्याच्या पायांशी वाकला होता.

२००९ चा ऑक्टोबर. जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळ एका हॉलमध्ये शस्त्रांचा मेळा भरला होता. देवदत्त तिथल्या मोटारकारखान्यात इंजिनिअर, आणि नेमबाजी क्लबचा बारा वर्षांचा सभासद. डोळे साथ देईनात, म्हणून त्याने आपलं पिस्तूल विकायला काढलं होतं. सकाळीच मेळ्यातल्या चर्चेत तो तावातावाने बोलला होता. अशी खासगी विक्री दुकानदारामार्फतच व्हावी, अशी मागणी वर्षभर जोर धरत होती. आमच्यासारख्या जबाबदार माणसांवर हा अविश्वास कशाला, असा त्याचा सवाल होता. टाळ्या भरपूर पडल्या. स्वारी त्यानंतर हवेतच होती.

दुपारी हा श्रीपाद आला. बत्तीस वर्षांचा, येनाला लेन्सवर पीएचडी करणारा. देवदत्त फोनवर बायकोशी, ऊर्मिलाशी, बोलत होता, ते मराठी ऐकून तो टेबलाशी थांबला.

मग काय विचारता! गाव कोणतं, आडनाव काय, वडील काय करतात? वडील साताऱ्याला शिक्षक निघाले. देवदत्तच्या मेहुण्याला त्यांनीच गणित शिकवलेलं.

“पाटणकर मास्तरांचा मुलगा तू? आल्झो, मग घरचाच की,” देवदत्त मराठीत जर्मन मिसळत म्हणाला. ऊर्मिलाने दिलेल्या डब्यातली पोळीभाजी त्याने श्रीपादला आग्रहाने खायला लावली.

“काका, हे पिस्तूल मला हवंय. परवान्याचं कार्ड येनाला राहिलंय. उद्या स्कॅन करून पाठवतो,” श्रीपाद म्हणाला आणि नमस्काराला वाकला.

जर्मन गिऱ्हाईक असतं, तर देवदत्तने त्याला तिथूनच वाटेला लावलं असतं. पण मास्तरांच्या मुलाकडे कागद मागायचे? त्याला कसंतरीच वाटलं. त्याने पिस्तुलाची पेटी बांधून दिली, सोबत गोळ्यांची डबीही.

तासाभराने श्रीपाद परत आला. पेटी टेबलावर ठेवून म्हणाला, “काका, कार्ड नाहीच माझ्याकडे. कधीच नव्हतं.”

देवदत्तने आधी इकडेतिकडे पाहिलं. क्लबातलं कोणी ऐकलं तर नाही ना? त्याने पेटी झटकन टेबलाखाली सरकवली. मग कुठे त्याचं श्रीपादच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. पोळी खातानाही तो असाच दिसत असणार. आपल्याला पहिली काळजी स्वतःच्या अब्रूची वाटली, याची त्याला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

“कोणाला मारणार होतास?” त्याने कसंबसं विचारलं.

“दुसऱ्या कोणाला नाही,” श्रीपाद म्हणाला. “काका, तुम्ही माझ्या घरच्या सगळ्यांची चौकशी केलीत. तू कसा आहेस, एवढं विचारलं असतंत, तर मी तेव्हाच सांगितलं असतं.”