खिडकीजवळचा प्लग

वडील गेल्यावर इंगुन त्यांची पुस्तकं परत करायला फ्योर्डच्या खाडीकाठच्या वाचनालयात गेली. दर गुरुवारी घरोघरी पुस्तकं पोचवणारी तिथली कर्मचारी मारित म्हणाली, "तुझ्या बाबांचं, ओडवारकाकांचं घर शेवटचं, तिथे पोचेस्तोवर माझ्या बारकोड स्कॅनरची बॅटरी उतरायची. काका म्हणायचे, 'खिडकीजवळच्या प्लगला लाव आणि तोवर वॉफल खा.' तासभर गप्पा व्हायच्या, पण मेला स्कॅनर ढिम्म! दोनदा बॅटरी बदलली मी."

तो प्लग तीन वर्षं बंद पडलेला होता, आणि वडील जन्मभर इलेक्ट्रिशियन होते.



इंगुनलाही ते दर भेटीत म्हणायचे, "फोन लाव ना खिडकीजवळ चार्जिंगला," आणि ती म्हणायची, "फुल आहे बाबा, निघते मी."