डॉक्टरांची नजर

छातीचा एक्स-रे समोर धरला, की कोरोनाचा न्यूमोनिया डेल्टाचा की ओमिक्रॉनचा हे एक्स-रेवाले डॉक्टर चहाचा घोट गिळायच्या आत सांगत. म्हणून एक्स-रे वाचणारं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं तेव्हा हॉस्पिटलच्या संचालकांनी दोघांची झुंजच लावून दिली. डॉक्टर हरले तर त्यांची खुर्ची जाणार होती. नावं आणि तारखा झाकलेल्या जुन्या फिल्म एकामागून एक पडद्यावर आल्या. सॉफ्टवेअर पार गोंधळलं, डॉक्टर एकदाही चुकले नाहीत. विक्रेता बिचारा तोंड पाडून निघून गेला.

डॉक्टरांची बायको स्वतः छातीच्या रोगांची डॉक्टर. तिच्या काही हे पचनी पडेना. घरी आल्या आल्या तिनं त्यांना धारेवर धरलं.

"अहो, इतकी वर्षं मी फुफ्फुसंच बघतेय. मला नाही असं छातीठोक सांगता येत. तुम्हाला त्यात दिसतं तरी काय?"

डॉक्टरांनी आधी दार लावून घेतलं.


"फुफ्फुसांकडे बघतंय कोण! डेल्टाच्या वेळी सगळ्यांची इतकी तंतरली होती, की शर्ट आणि साखळी काढा म्हणायलाही पेशंटजवळ कुणी फिरकत नव्हतं. फिल्मवर बटणं दिसली की डेल्टा!"