लिहिलेलं दार

पार्बताबाई तुरीच्या शेंगा सोलत होती आणि धाकटी लेक हर्षा शेजारी लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होती.

"काय पाहून राहिली वं?"

"या सॉफ्टवेअरच्या कंटेनरचे कोनते पोर्ट उघडे हायेत ते. कंटेनर म्हंजे सॉफ्टवेअरचं घर समज, अन् पोर्ट म्हंजे त्याची दारं."

"तिथं लिहून नाई काय?"

"लिहून हाय. पन लिहिलं म्हंजे उघडंच असते असं नाई, आई. बाहेरून ठोठावून पाहा लागते."

पार्बताबाईचा हात थांबला. थोरल्या चंदाच्या पाठवणीला तीच म्हणाली होती, "माहेराचं दार तुले सदा उघडं." वर्षभरात चंदा बॅग घेऊन आली, तेव्हा चहा पाजून तिला परतीच्या एसटीत बसवून दिलं, तेही तिनंच.

"हर्षे, पातूरची गाडी किती वाजता हाय?"

"काहून?"

"चंदाकडे जातो. आता ठोठावाची पाळी माही हाय."